ड्रायव्हरचं दार उघडलं की फ्यूज उडतो, दोन्ही दारं बंद तरी मीटरमधला दिवा पेटतो: जुन्या पिकअपचं केबिन लाइटचं वायरिंग

करवीर_पिकअप

नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची, एक टनी डिझेल पिकअप, सिंगल केबिन, १२ व्होल्ट. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून माल भरून गगनबावड्याच्या बाजूला फेऱ्या असतात, त्यामुळं जून ते सप्टेंबर गाडी कधी कोरडी नसते. केबिन लाइटच्या लाइनवर चार तक्रारी आहेत. त्या एकाच कारणाच्या आहेत की वेगवेगळ्या, ते कळेना.

एक. केबिन लाइट ‘ऑन’वर व्यवस्थित लागतो. बल्ब १० वॉटचा, दोन्ही टोकांना टोप्या असलेला ४१ मिमीचा. मधल्या ‘डोअर’ खुणेवर ठेवला तर ड्रायव्हरचं दार उघडल्यावर लागतो, क्लीनर साइडचं उघडल्यावर लागत नाही.

दोन. त्या लाइनचा १० अँपिअरचा फ्यूज आठवड्यातून एक-दोनदा उडतो. बहुतेक वेळा ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडताना, आणि पावसात जास्त. गाण्यांच्या टेपची मेमरीही त्याच फ्यूजवर आहे.

तीन. हे सगळ्यात विचित्र. फ्यूज उडालेला असताना चावी ऑन केली, की मीटरमधला ‘दार उघडं’ दाखवणारा लाल दिवा दोन्ही दारं बंद असूनही पेटतो. ड्रायव्हरचं दार हलवलं की विझतो, पुन्हा पेटतो.

चार. फ्यूज शाबूत असतो त्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी गाडी उभी केली की सोमवारी सकाळी स्टार्टर नुसता कट-कट करतो.

नंतर बसवलेल्या गोष्टी: सेंट्रल लॉक, आणि ड्रायव्हर दाराच्या खालच्या कडेला छोटा लाल दिवा. दोन्ही आधीच्या मालकानं बसवलेले. लाल दिव्याचा बल्ब जळालेला आहे, वायर तशीच आहे. एकानं १५ चा फ्यूज घालायला सांगितलंय, दुसऱ्यानं पूर्ण हार्नेस (वायरींची जुडी) बदलायला. काय करावं?

वायरमन_उद्यमनगर

दादा, हार्नेसला हात लावू नका आणि १५ चा फ्यूज तर अजिबात घालू नका. या लाइनला वायर अर्धा ते पाऊण चौरस मिमीची असते. फ्यूज त्या वायरला वाचवायला आहे, बल्बला नाही. जाड फ्यूज घातला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरच तापते, आणि ती छताच्या कापडामागून गेलेली असते.

आधी सर्किट डोक्यात पक्कं करा, मग चारही तक्रारी आपोआप सुट्या होतील. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून थेट केबिन लाइटला जातो, चावीचा संबंध नाही. बल्बच्या दुसऱ्या बाजूला तीन खुणांचा स्विच. ‘ऑन’वर तो जागीच बॉडीतून अर्थ (बॅटरीच्या मायनसकडं जायची वाट) देतो. ‘डोअर’वर तो बल्बला एका वायरला जोडतो, आणि ती वायर दोन्ही दारांच्या बटनांपर्यंत जाते. दार उघडलं की बटन बाहेर येतं आणि वायर बॉडीला टेकवतं. म्हणजे बटन प्लस तोडजोड करत नाही, अर्थ करतं. मीटरमधल्या लाल दिव्याला प्लस चावीनंतरचा मिळतो, पण त्याचं दुसरं टोक याच दाराच्या वायरवर येतं.

आता तुमची तिसरी तक्रार. फ्यूज उडालाय, म्हणजे केबिन लाइटच्या प्लस बाजूला बॅटरीचा करंट नाही. चावी ऑन केल्यावर करंट मीटरच्या दिव्यातून दाराच्या वायरवर येतो. दारं बंद आहेत, तेव्हा बटनांतून त्याला वाट नाही. मग तो केबिन लाइटच्या बल्बमधून उलटा चढतो आणि फ्यूजनंतरच्या मेलेल्या प्लस लाइनवर जातो. तिथून बॉडीला वाट मिळाली तरच मीटरचा दिवा असा पेटेल. टेपच्या मेमरीतून जाणारा करंट इतका थोडा असतो की त्यावर हा बल्ब दिसण्याइतका पेटत नाही. म्हणजे फ्यूजनंतरची प्लस वायर कुठंतरी सरळ पत्र्याला टेकली आहे, आणि दार हलवल्यावर सुटते. शॉर्ट कुठं आहे ते तुमची गाडीच मीटरवर दाखवतेय.

खात्री करायची असेल तर दिवा पेटलेला असताना केबिन लाइटचा स्विच ‘ऑफ’ करा. मीटरचा दिवा विझायला पाहिजे, कारण उलटी वाट तुटली. तुमचा दारातला लाल बल्ब जळालेला आहे म्हणून ही परीक्षा इतकी सोपी. तो चांगला असता तर त्याच्यातूनही वाट मिळाली असती आणि तोही काढावा लागला असता.

ड्रायव्हरच्या दारात कायम प्लस असणारी, या फ्यूजवरची वायर कोणती? मूळ गाडीत बहुतेक नसतेच. ती दाराच्या कडेच्या लाल दिव्याची. पहिला संशय तिच्यावर.

शोधायची पद्धत: इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट घ्या, दोन वायरी काढा आणि फ्यूज काढून त्याच्या दोन पात्यांच्या जागी जोडा. केबिन लाइटचा बल्ब काढा, टेपचं सॉकेट सोडवा. आता शॉर्ट लागला की हा बल्ब पूर्ण उजेडानं पेटेल, सुटला की विझेल. शॉर्ट असला तरी बल्बमुळं करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, त्यामुळं फ्यूज जाळत बसावं लागत नाही. बल्ब समोर दिसेल असा ठेवा आणि दार सावकाश उघडबंद करा. मग दार थांबवून बिजागरीजवळची वायर बोटांनी हलवा. कुठं हात लावल्यावर लुकलुकतो ते बघा.

बिजागरीजवळ रबराचा बूट असतो त्यातून मूळ वायरी दारात जातात. पण नंतर टाकलेली वायर सहसा त्या बुटातून ओवलेली नसते. पत्र्याला ड्रिलनं भोक पाडून, ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायचं रबरी कडं) न घालता तशीच आत ढकललेली असते. पत्र्याची धार दर उघडबंदीला वायरीचं कव्हर खरवडते. तिथंच बघा आधी.

एक विचारतो: फ्यूज चांगला असताना, गाडी चालू असताना, तो मीटरचा लाल दिवा मधूनच पेटतो का?

गगनबावडा_रोड

वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त क्लीनर साइडच्या दाराबद्दल लिहितो, ती वेगळी तक्रार आहे.

दाराच्या खांबावरचं बटन एका स्क्रूनं बसवलेलं असतं आणि मागं एकच वायर. अर्थ त्या स्क्रूतून आणि बटनाच्या पत्र्यातून मिळतो. आपल्याकडच्या पावसात तिथला पत्रा आतून गंजतो, बटन दिसायला ठणठणीत आणि अर्थ शून्य. म्हणून नवीन बटन आणून बसवलं तरी दिवा लागत नाही आणि माणूस वायरिंगला दोष देतो.

स्क्रू काढायच्या आधी जाड दोरा हाताशी ठेवा. बटन बाहेर ओढलं की पहिल्यांदा वायरीला दोरा बांधायचा, मग पिन सोडवायची. वायर खांबाच्या आत पडली तर ती काढायला अर्धा दिवस जातो.

पिन सोडवून, केबिन लाइट ‘डोअर’वर ठेवून, वायरीचं टोक खांबाच्या कोऱ्या पत्र्याला टेकवा. या वायरीवर थेट प्लस नसतो, मध्ये बल्ब असतो, म्हणून काही उडणार नाही. दिवा लागला तर वायर चांगली, दोष बटनात किंवा त्याच्या अर्थमध्ये. नाही लागला तर खांबापासून छतापर्यंत वायर तुटली आहे किंवा मधलं सॉकेट काळं पडलंय.

बटनाचा दोष असेल तर भोकाभोवतीचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं घासून पांढरा पत्रा काढा, बटनाची मागची बाजूही घासा, स्क्रू नवीन घ्या. पत्रा इतका खाल्लेला असेल की स्क्रू धरतच नाही, तर बटनाच्या पत्र्याला रिंग लग (वायरीच्या टोकाची गोल कडी) लावून वेगळी अर्थ वायर काढा आणि डॅशखाली चांगल्या बोल्टवर बांधा. खाली स्टार वॉशर, वर थोडं ग्रीस.

मग मोजा. दिवा त्याच दारानं पेटलेला असताना मल्टिमीटरची काळी काडी बॅटरीच्या मायनसवर, लाल काडी बटनाच्या वायरीवर. ०.२ व्होल्टच्या आत आलं पाहिजे. एक-दोन व्होल्ट दिसले तर दिवा लागलाय खरा, पण पुढच्या पावसाळ्यात परत बंद पडणार. दिवा न पेटवता नुसती बीप लावून अर्थ तपासू नका. एकाच तारेवर लटकलेला जोडही बीप देतो.

शाहूपुरी_स्टँड

१० वॉटचा बल्ब काढून एलईडी का घालत नाही? बॅटरी उतरायचा प्रश्नच मिटला.

वायरमन_उद्यमनगर

एलईडी घालायला हरकत नाही, पण दुरुस्तीनंतर. आता घातला तर दोन अडचणी. एक, बहुतेक एलईडी एकाच दिशेनं चालतात, मग वर सांगितलेली मीटरच्या दिव्याची खूण नाहीशी होईल. दुसरी, ओल्या बटनातून दोन-चार मिलिअँपिअर गळत असले तरी एलईडी रात्रभर मिणमिणत राहतो, आणि मग लोक त्याच्या मागं लागतात. त्यावर लोक १ किलोओम अर्ध्या वॉटचा रेझिस्टर एलईडीला समांतर लावतात. मिणमिणणं थांबतं, गळती राहतेच. आधी बटन कोरडं आणि स्वच्छ करा.

आणि बॅटरीचं म्हणाल तर १० वॉट म्हणजे साधारण ०.८ अँपिअर. शनिवारी संध्याकाळ ते सोमवारी सकाळ ३६ तास धरले तर ३० अँपिअर-तास गेले. चार-पाच वर्षं वापरलेल्या बॅटरीला एवढं पुरे आहे. पण दिवा रात्रभर का पेटतोय हे शोधायला पाहिजे, तो बदलून कमी खाणारा केला म्हणजे दोष गेला असं नाही.

करवीर_पिकअप

वायरमन दादा, लई उपकार. तुम्ही विचारलंत ते खरं आहे. खड्ड्यातून जाताना मीटरचा लाल दिवा मिणमिणतो. फ्यूज चांगला असतानाही. दार घट्ट ओढलं की जातो, म्हणून लक्ष दिलं नव्हतं.

आज केलेलं काम:

स्विच ‘ऑफ’ केल्यावर मीटरचा दिवा विझला, तुम्ही सांगितलं तसंच. २१ वॉटचा बल्ब लावून दार उघडलं. साधारण दोन तृतीयांश उघडल्यावर लख्ख पेटला. बूट चांगला आहे, पण त्याच्या चार बोटं खाली ड्रिलचं भोक सापडलं, त्यातून एक लाल आणि एक काळी वायर. लाल वायरीचं कव्हर एक सेंटिमीटरभर गेलंय, तांबं उघडं, आजूबाजूला हिरवा चट्टा. लाल वायर वर केबिन लाइटच्या प्लसला पिळून जोडलेली आहे, वर नुसती टेप.

क्लीनर साइडला वायर पत्र्याला टेकवल्यावर दिवा लागला. बटन घासून बसवलं. आधी दार उघडं असताना ११.९ व्होल्ट येत होते, आता ०.०८.

बॅटरीच्या मायनसमध्ये मल्टिमीटर घातला, दारं बंद: ०.८४ अँपिअर. ड्रायव्हरचं दार बाहेरून खांद्यानं दाबलं की ०.०३. आता पुढं काय?

वायरमन_उद्यमनगर

झकास. आता ०.०३ म्हणजे ३० मिलिअँपिअर, त्यात सेंट्रल लॉकचा डबा आणि टेपची मेमरी आली. अशा जुन्या गाडीला ५० च्या आत असलं की ठीक. ०.८४ म्हणजे केबिन लाइट पेटलेला, दार वरून बंद दिसतंय पण बटन पुरतं दाबलं जात नाही. डोळ्यानं बघायचं असेल तर फोन व्हिडिओवर लावून आत ठेवा आणि दारं लावा. मल्टिमीटर मालिकेत असताना चावी फिरवू नका, मल्टिमीटरचा फ्यूज जाईल.

बटन न दाबलं जायची कारणं दोनच. बटनाच्या टोकावरची रबरी टोपी फाटून गेली असेल तर दोन-तीन मिमी कमी पडतात. टोपी वेगळी मिळते, बटन बदलायची गरज नाही. टोपी शाबूत असेल तर दार उतरलंय. दार अर्धं उघडून कुलपाच्या टोकाला दोन्ही हातांनी वर उचला. बिजागरीत खटखट जाणवली तर पिना आणि बुश गेलेत. त्या बदला. लोक खांबावरचा हूक आत सरकवून दार लावून घेतात. दार लागतं, पण वजन लटकलेलंच राहतं, आणि वायरींना ओढ बसते ती वेगळीच. बुश बदलायला वेळ लागणार असेल तोवर दाराच्या आतल्या कडेला, बटन टेकतं तिथं, दोन मिमीचा कडक रबराचा तुकडा चिकटवा. स्विच कायम ‘ऑफ’वर ठेवला तरी भागेल, पण मग रात्री माल उतरवताना अंधार.

लाल वायरीचं: दिवा नको असेल तर ती दारात कापून टेप मारू नका. वर, जिथं केबिन लाइटच्या प्लसला पिळली आहे तिथून सोडवा, मूळ जोड नीट झाका. दारातली वायर मग दोन्ही टोकांनी मेलेली राहील. काळी वायर दाराच्या बटनाच्या लाइनवर असणार, तीही तिच्या उगमाशी सोडवा. ती घासून पत्र्याला टेकली तर दार बंद असूनही केबिन लाइट पेटतो, आणि ही चूक सापडायला फार वेळ खाते.

दिवा हवाच असेल तर उगमाशी ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज घाला, ५ वॉटला भरपूर झाला. नवीन पाऊण चौरस मिमीची बहुतारी वायर मूळ बुटातून ओवा, ड्रिलचं भोक रबरी बुच लावून बंद करा. ते उघडं राहिलं तर खांबात पाणी जातं. कापायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा.

पंचगंगा_काठ

बुटातून वायर ओवताना एक गोष्ट. जोड बुटाच्या आत कधीच येऊ देऊ नका. वायर वाकते ती जागा सोडून दोन्ही बाजूंना निदान पंधरा सेंटिमीटर पुढं जाऊन जोडा, आणि अनेक वायरी असतील तर जोड एकाच ठिकाणी न आणता पुढंमागं ठेवा, नाहीतर गाठ होते आणि बूट फाटतो. वायरींवर पीव्हीसी टेप गुंडाळू नका. उन्हात तिचा डिंक वितळतो आणि वायरी एकमेकींना चिकटून ताठ होतात. कापडी टेप, तीही सैल.

मूळ वायरीही एकदा तपासा. बाहेरून कव्हर चांगलं आणि आत तांबं तुटलेलं, असं बिजागरीपाशी सर्रास असतं. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणा. तुटलेली असेल तर ती रबरासारखी लांबते. तुमच्या सेंट्रल लॉकमध्ये ड्रायव्हर दाराच्या मोटरला पाच वायरी असतील: हिरवी-निळी मोटरची, पांढरी-तपकिरी-काळी इशाऱ्याची. त्या पाचांतली एखादी अशी तुटली की कुलूप कधी लागतं, कधी नाही. हिरवी किंवा निळी तुटली तर ड्रायव्हरचं कुलूप मेलं, बाकीचं चालतं. इशाऱ्याची तुटली तर ड्रायव्हरचं हातानं लागतं, पण क्लीनर साइड ऐकत नाही.

जोड कथिलानं झाळणार असाल तर दाराच्या आतल्या स्थिर भागात झाळा.

गगनबावडा_रोड

झाळण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. डिझेलच्या थरथरीत झाळलेली वायर कथिल संपतं त्या कडेशी तुटते, कारण कथिल तारांमध्ये वर चढून तिला ताठ करतं. चांगल्या क्रिम्पिंग पकडीनं दाबलेली स्लीव्ह (जोडाची धातूची नळी) आणि वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), एवढं पुरे. साध्या पकडीनं चेपलेली स्लीव्ह मात्र झाळण्यापेक्षा वाईट.

पंचगंगा_काठ

वाकणाऱ्या जागी तुमचं शंभर टक्के मान्य. स्थिर जागी, जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर क्लिपनं बांधली असेल, तर झाळलेला जोड टिकतो. काहीही करा, पण आधी तांबं चकचकीत दिसेपर्यंत कापत मागं या. पाण्यात राहिलेली वायर कव्हरच्या आतून पाणी ओढते आणि वीतभर काळी पडते. काळ्या तांब्यावर ना कथिल धरत ना स्लीव्ह.

आणि दादा, गाडी सेकंडहँड आहे तर २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी होती का ते बघा. पायाशी, खांबाच्या खालच्या अंगाला प्लॅस्टिकच्या झाकणामागं मोठी सॉकेटं असतात. ती उघडा. आत गाळाची रेघ किंवा हिरवी बुरशी दिसली तर दाराच्या वायरी कितीही दुरुस्त करा, दोष तिथून परत उगवणार. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना खाल्लेल्या असतील तर तेवढ्या पिना बदला, पूर्ण सॉकेट काढायची गरज क्वचित पडते.

दाराच्या तळाची पाणी जायची भोकंही मोकळी करा. मालाची धूळ आणि चिखल बसून ती बुजतात, मग दारात पाणी साठतं आणि उघडताना डचमळल्याचा आवाज येतो. तुमचा फ्यूज पावसात जास्त उडायचा तो उघड्या तांब्यामुळं, पण तेच पाणी कुलपाची मोटरही खातं.

करवीर_पिकअप

लाल-काळी दोन्ही वरूनच सोडवतो, दिवा नको. भोकाला बुच आणलंय. बिजागरीत खटखट आहे, क्लीनर साइडलाही थोडी. पुराची खूण नाही, सॉकेट स्वच्छ निघालं. दाराच्या ट्रिममागं प्लॅस्टिकचा कागद नाहीच, कुणीतरी काढून टाकलाय. तो लागतोच का?

वायरमन_उद्यमनगर

लागतोच. काचेवरचं पाणी दाराच्या आत उतरतं ते ठरलेलंच आहे, तो कागद ते पाणी पत्र्याच्या बाजूला ठेवून खालच्या भोकांकडं नेतो. नसेल तर ट्रिमचा पुठ्ठा भिजतो, क्लिपा सुटतात, पाणी केबिनमध्ये येतं. जाड शेतीचा प्लॅस्टिक कागद ट्रिमच्या मापानं कापा, कडेनं ब्यूटाइल टेप लावा, आणि खालचं टोक दाराच्या पत्र्याच्या आत खोचा, बाहेर नको. वायर कागदातून बाहेर येते तिथं ती आधी थोडी खाली लोंबून मग वर चढली पाहिजे, म्हणजे थेंब त्या वळणावर गळून पडतो, सॉकेटपर्यंत जात नाही.

बुश दोन्ही दारांचे एकदमच बदला. ते झाल्यावर बटनावर किती दाब येतो ते बदलेल, तेव्हा चिकटवलेला रबराचा तुकडा काढा, नाहीतर बटन कायम जास्त दाबून त्याची स्प्रिंग बसते.

ट्रिम लावायच्या आधी २१ वॉटचा बल्ब परत फ्यूजच्या जागी लावा, केबिन लाइटचा बल्ब काढलेलाच ठेवा, आणि दोन्ही दारं पन्नास-पन्नास वेळा उघडबंद करा, शेवटच्या दहा वेळा बिजागरीपाशी पाणी मारून. बल्ब एकदाही लुकलुकला नाही तर १० चा फ्यूज बसवा आणि मगच क्लिपा दाबा.